पाठीची एक बाजू दुखते तेव्हा

(ग्रामीण आरोग्य शिक्षणानिमित्त तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाठ दुखणे ही तक्रार इतकी सर्वसाधारण आहे की, तिच्याकडे आजार म्हणून पाहण्याची कोणास फारशी सवय नाही. लावणीच्या दिवसांत चिखलात ओणवून भाताची रोपे रोवणारी स्त्री, माडावर चढणारा पाडेली, होडी ओढून किनाऱ्यावर घेणारा मच्छीमार, चिरे उचलणारा मजूर, खाचखळग्यांच्या रस्त्यावरून प्रवासी नेणारा मोटारसायकल पायलट, फळ्यासमोर तासन्‌तास उभे राहणारे शिक्षक आणि टेबलाशी दिवसभर वाकून बसणारे कर्मचारी, या सर्वांच्या वाट्यास हे दुखणे केव्हा ना केव्हा येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाण्याचा संभव आहे. माणसाला कामावरून घरी बसविणाऱ्या कारणांमध्ये कंबरदुखीचा क्रमांक जगात सर्वांत वरचा लागतो.

परंतु आजचा विषय सरसकट पाठदुखीचा नाही. दुखणे पाठीच्या एकाच बाजूस, डावीकडे किंवा उजवीकडे असते, तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यावा आणि वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. या बाबतीत लोकांच्या हातून परस्परविरोधी अशा दोन चुका होतात. काहीजण अशा दुखण्यास ‘उसण भरली आहे, जाईल आपोआप’ असे म्हणून आठवडेच्या आठवडे अंगावर काढतात. दुसरे काहीजण कमरेत कळ आली की ‘मूत्रपिंड निकामी झाले’ या धास्तीने अन्नपाणी गोड करून घेत नाहीत. पहिल्या चुकीने कधी कधी जीव धोक्यात येतो, तर दुसरीने पैसा आणि मनःस्वास्थ्य खर्ची पडते. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे दुखण्याची भाषा समजून घेणे होय.

पाठीत काय काय असते?

मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यांची एक माळ असते. जन्मतः ३३ मणके असतात. त्यांतील खालचे मणके पुढे एकमेकांस जुळून जातात. कमरेच्या भागात पाच मोठे मणके असून शरीराचा बहुतेक भार तेच पेलतात. दोन मणक्यांमध्ये चिवट, लवचीक चकती असते आणि मणक्यांच्या फटींतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या डाव्या-उजव्या बाजूंस बाहेर पडतात. मणक्यांच्या दोहों बाजूंस लांब, बळकट स्नायू असतात. शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, पोटाच्या मागच्या अंगास दोन मूत्रपिंडे असतात. त्यांपैकी उजवे डाव्यापेक्षा किंचित खाली असते. वरच्या भागात बरगड्यांच्या आत दोन फुफ्फुसे आहेत. स्वादुपिंड, पित्ताशय, हृदय आणि स्त्रियांच्या बाबतीत बीजांडकोश हे अवयव पाठीत नसले, तरी त्यांचे दुखणे पाठीत उमटू शकते. म्हणूनच एका बाजूच्या दुखण्याचा उगम कोठे आहे, हे जागेवरून अर्धे आणि सोबतच्या लक्षणांवरून अर्धे कळते.

सर्वांत नेहमीचे कारण : स्नायूंचा ताण

बहुतेकांच्या बाबतीत दुखण्याचे मूळ स्नायूंत, अस्थिबंधांत किंवा मणक्यांच्या लहान सांध्यांत असते. कंबरदुखीच्या दर दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांमध्ये कोणताही गंभीर किंवा नेमका विकार सापडत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्याची घागर एका हाताने उचलणे, गोणी उचलताना कमरेतून वळणे, एकाच खांद्यावर ओझे वाहणे, वेडेवाकडे झोपणे अशा कारणांनी एका बाजूचे स्नायू ताणले जातात व तेथे चमक भरते. या दुखण्याची खूण अशी की, ते हालचालीने वाढते, विशिष्ट रीतीने पडून राहिले की कमी होते, त्या जागी दाबल्यास दुखते आणि ताप, लघवीचा त्रास अशी दुसरी लक्षणे नसतात.

असे दुखणे बहुधा काही दिवसांत उतरू लागते आणि चार ते सहा आठवड्यांत बरे होते. पूर्वी यावर सक्तीची विश्रांती सांगितली जात असे. आता हे मत बदलले आहे. दिवसचे दिवस अंथरुणास खिळून राहिल्याने स्नायू दुर्बळ होतात आणि दुखणे लांबते. पहिला एखाद-दुसरा दिवस जड काम टाळावे. पण घरातल्या घरात हिंडते-फिरते राहावे आणि सोसेल तसतसे नेहमीच्या कामास लागावे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास आराम पडतो. पिशवी फडक्यात गुंडाळलेली असावी. मधुमेहाने ज्यांची त्वचा बधिर झाली आहे, त्यांना चटका बसल्याचे कळत नाही. त्यांनी विशेष जपावे.

दुखणे पायात उतरते तेव्हा

मणक्यांमधील चकती बाहेर सरकून मज्जातंतूवर दाब आणू लागली म्हणजे कमरेतील कळ एका कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या अंगाने पोटरीपर्यंत आणि पावलापर्यंत उतरते. यालाच सायटिका किंवा आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. पायात मुंग्या येतात, विजेसारखी सणक जाते, खोकताना व शिंकताना कळ वाढते. असे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. मात्र पाऊल उचलता न येणे, चालताना पायातील चप्पल नकळत निसटणे, पायाची शक्ती दिवसेंदिवस कमी होणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये.

तरुणांमधील एका विकाराचाही उल्लेख येथे करावयास हवा. पंचेचाळिशीच्या आतल्या व्यक्तीची कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत असेल, सकाळी अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ ती ताठरून राहत असेल, दुखणे कधी डाव्या तर कधी उजव्या कुल्ल्यात जात असेल आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर तो सांध्यांचा दाहजन्य विकार असू शकतो. कामाचा थकवा म्हणून त्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढे पाठीचा कणा ताठर होतो. वेळीच उपचार केल्यास हे पुष्कळसे टळते.

मूत्रपिंडाचे दुखणे कसे ओळखावे?

मुतखड्याची कळ ज्याने एकदा अनुभवली, तो ती विसरत नाही. शेवटच्या बरगडीखाली, कुशीत एका बाजूस एकाएकी कळ सुरू होते, लाटांसारखी येते-जाते आणि पुढे ओटीपोटाकडे व जांघेकडे उतरते. स्नायूच्या दुखण्यातील रुग्ण निश्चल पडून राहू पाहतो. मुतखड्याच्या रुग्णास कोणत्याच कुशीवर चैन पडत नाही, तो येरझारा घालतो. मळमळ, ओकारी, लघवीत रक्त, वारंवार लघवीची भावना ही सोबतची लक्षणे होत.

आपल्या दमट हवेत उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पुष्कळ पाणी जाते. तेवढे पाणी पोटात गेले नाही म्हणजे लघवी दाट होते आणि तिच्यातील क्षार साचून खडा बनतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. मोठ्या खड्यांवर उपचार करावे लागतात. ‘बीअर प्यायली की खडा पडतो’ हा समज सर्वत्र ऐकू येतो. त्यास शास्त्रीय आधार नाही. मद्याने शरीरातील पाणी उलट कमी होते. ज्याला एकदा खडा झाला, त्याने दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, जेवणातील मीठ कमी करावे आणि खारवलेल्या मासळीस व लोणच्यास आवर घालावा. दूध-दही मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. आहारातील चुना तोडल्याने खड्यांचे प्रमाण वाढण्याचाच संभव असतो. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मूत्रपिंडास जंतुसंसर्ग झाला असता कुशीतील दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप येतो, लघवीस जळजळ होते, लघवी गढूळ व दुर्गंधियुक्त होते. हे लक्षण स्त्रियांत अधिक आढळते. संकोचामुळे त्या ते बोलून दाखवीत नाहीत आणि आजार बळावतो. गर्भवती स्त्री, मधुमेही व वृद्ध यांच्या बाबतीत त्याच दिवशी उपचार सुरू होणे अगत्याचे आहे. मुतखडा अडकलेला असताना ताप आला, तर ती आणीबाणीची वेळ समजावी. अडलेल्या लघवीत जंतू वाढून विष रक्तात भिनते आणि काही तासांत रुग्ण अत्यवस्थ होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मूत्रपिंडे हळूहळू निकामी करणारा दीर्घकालीन विकार बहुधा दुखत नाही. काणकोण तालुक्यात या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आहेत, हे गोमंतकीयांस ठाऊक आहे. तेव्हा पाठ दुखत नाही म्हणजे मूत्रपिंडे ठीक आहेत, असे मानू नये. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा घराण्यात हा विकार असल्यास रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब यांची तपासणी दरवर्षी करून घ्यावी.

नागीण

पाठीच्या एका बाजूस आग होते, टोचते, कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. पण वरून काहीच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी तेथे पाण्याने भरलेल्या पुरळाचा पट्टा उठतो आणि तो पाठीच्या मध्यरेषेपाशी थांबतो. हीच नागीण. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी निद्रिस्त राहिलेला असतो. वाढते वय किंवा अशक्तपणा यांमुळे तो पुन्हा जागा होतो. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे. या समजुतीच्या भीतीने लेप आणि मंत्रतंत्र यांत जे पहिले तीन दिवस वाया जातात, तेच औषधाचे खरे दिवस असतात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू केल्यास आजार आटोक्यात राहतो. पुरळ डोळ्याजवळ असल्यास दृष्टीस धोका असतो. अशा वेळी घटकाभरही थांबू नये.

पाठीत उमटणारी इतर अवयवांची दुखणी

वरच्या पाठीत एका बाजूस दुखते, दीर्घ श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखी कळ येते आणि जोडीला खोकला व ताप असतो, तेव्हा फुफ्फुसाचा दाह किंवा त्यावरील आवरणाचा विकार संभवतो. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती उजव्या खांद्याच्या पात्यामागे जात असेल, तर पित्ताशयात खडे असू शकतात. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत आरपार जाणारी तीव्र कळ आणि ओकाऱ्या हे स्वादुपिंडाच्या दाहाचे लक्षण असून अतिमद्यपान हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. डाव्या खांद्यात व पाठीत जडपणा, छातीवर दडपण, दरदरून घाम आणि धाप ही हृदयविकाराची सूचना समजावी. तेथे चोळत बसण्यास वेळ नसतो.

स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी चुकलेली असताना एका बाजूस ओटीपोटात व कमरेत एकाएकी तीव्र कळ आली, घेरी आली किंवा रक्तस्राव झाला, तर गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ फुटला असण्याची शक्यता असते. यात आतल्या आत रक्तस्राव होऊन थोड्या वेळात प्राणावर बेतते. ही माहिती घरातील पुरुषांनाही असली पाहिजे. कारण गाडी बोलावण्याचा निर्णय पुष्कळदा त्यांच्या हाती असतो.

पाठीच्या कण्याचा क्षयरोग हा आपल्या देशात अद्याप नाहीसा झालेला नाही. त्यात खोकला असेलच असे नाही. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, अन्नावरील वासना उडणे आणि एका ठरावीक मणक्यावर दाबल्यास होणारी वेदना ही त्याची चिन्हे होत. उपचार लांबल्यास पाठीस कुबड येते व पाय लुळे पडतात. वेळीच निदान झाल्यास तो औषधांनी बरा होतो. ही औषधे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली विनामूल्य मिळतात. तसेच पोषक आहारासाठी नि-क्षय पोषण योजनेखाली नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपयांचे साहाय्य देण्यात येते.

केव्हा थांबू नये?

पुढील लक्षणांपैकी एकही असल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे; वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा :

१) लघवी तुंबणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, बैठकीची जागा बधिर होणे, दोन्ही पायांतील शक्ती जाणे. यात शस्त्रक्रियेस काही तासांचा विलंब झाला तरी कायमचे अपंगत्व येऊ शकते.
२) दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप येणे, विशेषतः मुतखडा असताना.
३) छातीत दडपण, धाप, दरदरून घाम किंवा घेरी.
४) माडावरून पडणे, वाहनाचा अपघात यांनंतरचे दुखणे.
५) पाळी चुकलेल्या किंवा गर्भवती स्त्रीस होणारी तीव्र कळ.
६) साठीच्या पुढच्या व्यक्तीस, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यास, पाठीत व पोटात एकाएकी उठलेली असह्य कळ.

लघवीत रक्त येणे, विनाकारण वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टिरॉइड औषधे घेतलेली असणे, पन्नाशीनंतर प्रथमच उद्‌भवलेले दुखणे, किंवा साधे वाटणारे दुखणे दोन-तीन आठवड्यांत मुळीच कमी न होणे, या स्थितीत एक-दोन दिवसांत जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. वृद्ध स्त्रीस थोडेसे वाकल्याने किंवा शिंकल्यानेही कळ आली, तरी ठिसूळ झालेला मणका दबला असण्याचा संभव असतो.

काय करू नये?

पायाळू माणसाने पाठीवर लाथ मारली की उसण जाते, अशी जुनी समजूत आहे. उसण तशीही काही दिवसांत जाणारच असते. श्रेय मात्र लाथेस मिळते. त्या पाठीत क्षयाने पोखरलेला किंवा ठिसूळ झालेला मणका असला, तर तीच लाथ माणसास जन्माचे अधू करू शकते. डाग देणे, अंगावर उभे राहून तुडविणे, मणके कडकडा मोडून घेणे हे प्रकारही त्याच मालिकेतील होत.

दुसरा धोका औषधांच्या दुकानातून मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा. त्यांपैकी अनेक गोळ्या वारंवार घेतल्यास जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडास इजा पोहोचते. उन्हात घाम गाळून पाणी न पिता अशा गोळ्या घेणे तर अधिकच घातक. मूत्रपिंड वाचविण्याच्या इच्छेने घेतलेली गोळी मूत्रपिंडासच मारक ठरावी, यासारखा दैवदुर्विलास नाही. निनावी पुड्यांपासूनही दूर राहावे. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने आराम चटकन पडतो आणि अपाय मागाहून कळतो. त्याचप्रमाणे, प्रत्येक पाठदुखीत एक्स-रे अथवा एम.आर.आय. काढण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये. तपासून गरज वाटली तर डॉक्टर तशी सूचना देतातच.

डॉक्टरांकडे जाताना

दुखणे केव्हा व कशाने सुरू झाले, नेमके कोठे आहे, कोणत्या दिशेस जाते, कशाने वाढते, कशाने कमी होते, ताप, लघवी, पाळी, वजन यांत काही फरक आहे काय, कोणती औषधे चालू आहेत, एवढी माहिती मनाशी जुळवून जावी; पूर्वीचे कागद सोबत न्यावेत. निम्मे निदान या सांगण्यातूनच होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी व रक्ताची साधी तपासणी होते. पुढील उपचारांसाठी म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालये आणि बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यक शाळेची परंपरा हे महाविद्यालय चालवीत आहे. खर्चाच्या चिंतेने घरी बसून राहणाऱ्यांनी २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी आरोग्य केंद्रात अवश्य करावी.

दुखणे येऊच नये यासाठी करावयाच्या गोष्टी थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. ओझे उचलताना गुडघ्यांत वाकावे, कमरेतून वळू नये. ओझे शरीराशी धरावे. एका मोठ्या घागरीऐवजी दोन लहान भांडी दोन हातांत न्यावीत. लावणी, चिरे उचलणे अशा कामांत अधूनमधून सरळ उभे राहून पाठ ताणावी. रोज चालावे आणि तंबाखू सोडावी.

या कार्यात शिक्षकांचा व ग्रामपंचायतींचा वाटा मोठा आहे. शाळेच्या दप्तराचे ओझे मुलाच्या एकाच खांद्यावर तर नाही ना, हे पाहणे शिक्षकाच्या हातचे आहे. कामाच्या जागी पिण्याचे पाणी व घटकाभर सावली मिळते की नाही, हे पाहणे अधिकाऱ्यांच्या आणि मुकादमांच्या हातचे आहे. आणि घरातील बाई ‘काही नाही, जरा कंबर धरली आहे’ असे म्हणून चुलीपाशी वळली, म्हणजे तिला ताप आहे काय, लघवीस जळजळ होते काय, असे दोन शब्द विचारणे घरातील प्रत्येकाच्या हातचे आहे. पाठीवर सारा संसार उचलणाऱ्या माणसाच्या पाठीची विचारपूस होऊ लागली, तर अनेक आजार रुग्णालयाची पायरी चढण्याआधीच ओळखले जातील, आणि ज्यांना ती पायरी चढावी लागेल ते वेळेवर पोहोचतील.